डॉक्टरांच्या गाडीची गळती

तिसऱ्या सकाळीही वर्तमानपत्रावर डाग होता. पहिल्या दिवशी होता तिथेच, इंजिनाच्या पोटाखाली बरोबर मधोमध, तळहाताएवढा. मी शेडमध्ये उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहिले. आदल्या संध्याकाळी इंजिनात तेल भरून, दहा मिनिटं चालवून, पुसून कोरडं करून मी गाडी उभी केली होती. पॅकिंग नवी, ऑइल सील नवी, एकूण एक नट स्वतः आवळलेला. तरी तेल गळतच होतं.

आप्पा दारात आले नाहीत. एरवी मी शेडमध्ये नुसता पाना वाजवला तरी ते काठी टेकत येऊन उभे राहायचे आणि कुणी विचारलेलं नसताना दोन चुका दाखवून जायचे. ही गाडी आल्यापासून दीड महिना त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते आणि एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवत होते. आप्पा म्हणजे माझे वडील, विष्णू पांचाळ. कराडात त्यांना सगळे पांचाळ मिस्त्री म्हणायचे. मोटारसायकलचा आवाज रस्त्यावरून जाताना ऐकून आतला कुठला भाग झिजलाय ते सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. हात थरथरायला लागले तसं त्यांनी गॅरेज बंद केलं. हत्यारं मात्र विकली नाहीत, घरामागच्या शेडमध्ये आणून लावली. माझ्या दोघी बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या, आई गेली होती, मी लग्न केलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच. पाना कसा धरायचा इथपासून मी जे काही शिकले ते आप्पांकडून.

गाडी डॉक्टर गलगल्यांची होती. पन्नास सालच्या आसपासची, पाचशे सीसीची काळी इंग्रजी मोटारसायकल. डॉक्टर वारून वर्ष होत आलं होतं. त्यांची मुलगी शरयू, तीही डॉक्टरच, एका संध्याकाळी घरी आली. दवाखान्यामागच्या पडवीत ती गाडी एकोणचाळीस वर्षं पडून होती. वर्षश्राद्धाच्या दिवशी ती अंगणात चालू करायची, बाबांच्या जुन्या पेशंटांना बोलवायचं, असं तिच्या मनात होतं. मी लगेच हो म्हटलं. ती गेल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "नको घेऊस ती गाडी."

मला वाटलं, त्या गाडीशी जोडलेलं दुखणं जुनं आहे म्हणून म्हणत असतील. मी त्यांना म्हटलं, आपल्या गॅरेजमधून बाहेर पडून ती बिघडली होती, आपल्याच हातून चालू झाली तर चांगलंच आहे. ते काठी घेऊन आत गेले.

ते दुखणं काय, हे मला लहानपणापासून माहीत होतं. सदुसष्ट साली दसऱ्याच्या आधी डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन आप्पांकडे उघडलं होतं. पूजेसाठी ती आदल्या दिवशी परत गेली. तीन आठवड्यांनी ढेबेवाडीच्या रस्त्यावर डॉक्टर एका बाळंतिणीला बघायला निघाले असताना इंजिनातलं तेल संपलं, पिस्टन आतल्या आत अडकला, मागचं चाक जागीच थांबलं आणि डॉक्टर फेकले गेले. मांडीचं हाड मोडलं. पुढे आयुष्यभर ते लंगडत चालले आणि त्या गाडीवर पुन्हा बसले नाहीत. तेल गेलं कसं, तर आप्पांच्या हाताखालच्या हसन मुजावरने तेल सोडायचा खालचा नट नीट आवळला नव्हता. आप्पांनी त्याला कामावरून काढलं. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही गॅरेजने त्याला ठेवलं नाही.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. हसनचाचा मला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून गॅरेजच्या अंगणात गोल चक्कर मारायचे ते मला आठवत होतं. पण त्याहून जास्त आठवत होतं ते नंतर घरात ऐकलेलं. आयटीआयमध्ये लागल्यापासून अठरा वर्षं, दर नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात मी ती गोष्ट सांगत आले होते. एक नट ढिला राहिला तर काय होतं ते मुलांच्या मनावर ठसावं म्हणून. नावासकट सांगायचे. नाव असलं की गोष्ट खरी वाटते.

तर त्या तिसऱ्या सकाळी मी ठरवलं की आता वरवर काही करायचं नाही, इंजिन पूर्ण उघडायचं. या गाड्यांच्या इंजिनाचं खालचं चेंबर उभं दोन भागांत असतं, नारळाची दोन भकलं एकमेकांना लावावीत तसं. आत दांडा फिरतो, तेल असतं. दोन भकलांच्या सांध्यातूनच तेल येत होतं. मी ती सुटी केली, जाड काचेवर बारीक पेस्ट लावून दोन्हींच्या कडा घासल्या, आरशासारख्या सपाट केल्या, पुन्हा जोडली. वरच्या तोंडावरून, जिथे सिलिंडर बसतो तिथून, सहज नख फिरवलं. सांध्यापाशी नख अडकलं.

एक बाजू दुसरीपेक्षा केसभर वर होती. कडा कितीही सपाट केल्या तरी ते जाणार नव्हतं, कारण दोष कडांचा नव्हताच. मला ते लगेच कळायला हवं होतं. कारखान्यात ही दोन भकलं आधी एकत्र आवळतात आणि मग त्यांच्यातून आरपार भोकं पाडतात. त्यामुळे एका नारळाचं भकल जसं दुसऱ्या नारळाला नेमकं बसत नाही, तसं एका इंजिनाचं दुसऱ्याला बसत नाही. गल्लत होऊ नये म्हणून दोन्ही भकलांच्या खालच्या अंगाला एकच आकडा ठोकलेला असतो.

मी भकलं उलटी केली. खाली इतक्या वर्षांचं तेल आणि धूळ मिळून डांबरासारखा थर बसला होता. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन मी तो काढला. डावीकडे आकडा निघाला चारशे सतरा. उजवीकडे चारशे बासष्ट.

त्या आकड्यांपेक्षा मला दुसरंच काहीतरी आठवत होतं. पांचाळांच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडायला, धुवायला, घासायला दुसरं कुणीही चालत असे. पण चेंबरची भकलं जोडून इंजिन बंद करायचं काम आप्पा कुणालाही करू देत नसत. हसनलाही नाही. ते सगळ्या गावाला माहीत होतं, आप्पा स्वतःच अभिमानाने सांगायचे.

आप्पा सोप्यात खुर्चीवर बसून रेडिओवर बातम्या ऐकत होते. मी दोन्ही भकलं जुन्या पोत्यावर ठेवून त्यांच्यासमोर नेली, उलटी करून, आकडे वर येतील अशी. त्यांनी रेडिओ बंद केला. चष्मा मागितला नाही, खाली वाकले नाहीत.

"चारशे सतरा आणि चारशे बासष्ट," ते म्हणाले.

मी जमिनीवर बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये एकसारख्या दोन गाड्या होत्या, एक डॉक्टरांची आणि एक ऊसवाहतुकीचे ठेकेदार थोरवे यांची. दोन्ही काळ्या, एकाच सालच्या, दोन्हींची इंजिनं उघडलेली. थोरवे सकाळपासून येऊन बसले होते, गाडी पूजेला पाहिजे म्हणून. दुपारपर्यंत आप्पांनी दोन्ही इंजिनं बंद केली. आकडे पडताळून बघायचे असतात, ते त्या दिवशी बघितले नाहीत. डॉक्टर पडले आणि गाडी ओढून आणली, तेव्हा इंजिनाचं पोट तेलाने माखलेलं होतं, नटही माखलेला. आप्पांनी नटाला पाना लावला, तो त्यांना सैल वाटला. हसन शपथेवर सांगत होता की मी आवळला होता.

"तेव्हा मला खरंच तसं वाटलं," आप्पा म्हणाले. "खोटं मी नंतर बोललो."

वर्षभराने हसन गॅरेजवर आला होता. थोरव्यांची गाडीही गळत राहिली, चार ठिकाणी दाखवून कंटाळून त्यांनी ती भंगारात घातली. हसन तेव्हा नदीकाठी शेतीच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करून पोट भरत होता. भंगारवाल्याकडे त्याला ते चेंबर दिसलं. त्याने पोत्यात गुंडाळून आणलं आणि आप्पांच्या बाकावर उलटं ठेवलं. चारशे बासष्ट आणि चारशे सतरा. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं होती. आप्पांनी आकडे बघितले, पोतं पुन्हा त्यावर टाकलं आणि त्याला सांगितलं, हे घेऊन जा, माझ्याकडे जागा नाही.

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. घेऊन गेला."

मी विचारलं की तेव्हा का सांगितलं नाही, आणि मागाहून तरी का नाही. आप्पांनी हात मांडीवर दाबून धरले होते, थरथर दिसू नये म्हणून. ते म्हणाले, "तू त्याच्याकडे जा. चेंबर त्याने ठेवलं असेल." मग म्हणाले, "तो फेकणारा नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेले. हसनचाचा नदीपलीकडच्या वस्तीवर राहत होते. सहासष्ट वर्षांचा उंच, वाळका माणूस, पांढरी दाढी. अंगणात बसून पंपाचा फूटव्हॉल्व्ह साफ करत होते. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "मिस्त्रींची धाकटी. बसा." मला ते टाकीवर बसवून फिरवायचे तेव्हा हेमे म्हणायचे. आता अहो-जाहो करत होते.

मी काय सापडलं ते सांगितलं. आप्पा काय बोलले तेही सांगितलं. ते हातातला व्हॉल्व्ह घासत राहिले. माझं सांगून झालं तेव्हा तो त्यांनी पाण्यात बुडवून बघितला, बाजूला ठेवला आणि हात पुसले.

"तुमच्या आयटीआयला माझा नातू होता," ते म्हणाले. "साजिद. चार वर्सं झाली. पहिल्याच आठवड्यात घरी आला आन् मला इचारलं, आजोबा, बाई म्हणत्यात हसन मुजावर नावाच्या माणसानं नट ढिला ठेवला आन् डॉक्टरचा पाय गेला. ते तुम्हीच का?"

मला त्यांच्याकडे बघवेना.

"मी काय सांगणार? म्हणलं, असंल दुसरा कुणीतरी हसन."

आतून त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. तो हातात धरून मी माफी मागितली, आणि मागताना मला ती किती तोकडी आहे ते कळत होतं. ते म्हणाले, तुम्ही लहान होता, तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही पुढं सांगितलं. राग त्यांना होताच. तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मिस्त्रींनी मला हत्यार धरायला शिकवलं आन् मिस्त्रींनीच ते माझ्या हातातनं काढून घेतलं, असं ते म्हणाले. पंपाचं काम काही वाईट नाही, पोरं शिकली, घर झालं. पण मोटारसायकलच्या इंजिनाला हात लावायचं जे सुख होतं ते गेलं ते गेलं.

मग ते उठून गोठ्याच्या माळ्यावरून एक पोतं खाली घेऊन आले. आत दोन्ही भकलं होती, ग्रीस चोपडून, मेणकापडात बांधलेली. गंजाचा ठिपका नव्हता.

"हे मी घेऊन येतो," ते म्हणाले. "इंजिन बसवायला मी असणार. आन् ते झालं की मिस्त्रींनी माझ्यासंगं स्टेशन रोडनं एक चक्कर मारायची. पायी. मी काम मागायला ज्या ज्या दारात गेलो, त्या दारात जाऊन सांगायचं. बाकी मला काय नको."

मी घरी येऊन आप्पांना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

हसनचाचा शनिवारी सकाळी आले. पोतं खांद्यावर, अंगावर धुतलेला पांढरा सदरा. आप्पा दार उघडायला स्वतः गेले. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि मला वाटलं आता काहीतरी होईल, पण झालं काहीच नाही. हसनचाचांनी आप्पांच्या हाताकडे बघितलं.

"लय थरथरतोय की, मिस्त्री."

"दहा वर्षं झाली," आप्पा म्हणाले. "ये."

आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. चारशे सतराची दोन भकलं, एक डॉक्टरांच्या इंजिनातलं आणि एक पोत्यातलं, एकमेकांना लावली तेव्हा ती लहानसा आवाज करून अशी बसली की सांधा कुठे आहे ते शोधावं लागलं. मी वरून नख फिरवलं, कुठेही अडकलं नाही. पुढचं काम हसनचाचांनी केलं. एकोणचाळीस वर्षं या जातीच्या इंजिनाला हात न लावलेला माणूस, पण कुठला नट आधी आणि कुठला मागून, हे त्यांना मला विचारावं लागलं नाही. आप्पा स्टुलावर बसून बघत होते. एकदाच बोलले, "उजवीकडचा अजून एक सूत." हसनचाचांनी तो सूतभर आवळला. पुढच्या चार दिवसांत मी ती गाडी सत्तर किलोमीटर चालवली आणि रोज सकाळी खाली वाकून बघितलं. एक थेंब पडला नाही.

मधल्या सोमवारी मी वर्गात उभी राहून सांगितलं की पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती ती खोटी होती. खरी काय तेही सांगितलं, आप्पांच्या नावासकट. एका मुलाने विचारलं, मग त्या हसनना कुणी काही भरपाई दिली का? मी नाही म्हटलं.

शरयूला आप्पांनी स्वतः सांगितलं, तिच्या दवाखान्यात जाऊन, पेशंटांच्या रांगेत बसून नंबर आल्यावर. मी बरोबर होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांनी हसनबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही." आणि थोडं थांबून, "पण त्याचं पुढे काय झालं, हेही कधी विचारलं नाही. आम्ही कुणीच नाही विचारलं." वर्षश्राद्धाला हसनचाचांना बोलवायला ती स्वतः जाणार म्हणाली, आणि गेलीही.

रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही स्टेशन रोडला गेलो. आप्पांनी काळी टोपी घातली होती, लग्नाला जाताना घालायचे ती. एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला मी. हसनचाचा दोन पावलं पुढे.

आधीच्या कुठल्याही दिवशी मी इतकी घाबरले नव्हते. आणि पहिल्या दारात जे झालं त्याची मी तयारीच केली नव्हती. ते गॅरेज आता टायरांचं दुकान झालं होतं. मालकाचा मुलगा गल्ल्यावर होता. आप्पांनी टोपी नीट केली आणि सांगितलं, सदुसष्ट साली डॉक्टर गलगल्यांच्या गाडीचं जे झालं ती चूक माझी होती, या हसनची नव्हती. तो मुलगा, म्हणजे माझ्याच वयाचा माणूस, आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघू लागला. कोण डॉक्टर, कोण हसन, त्याला काहीच माहीत नव्हतं. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. त्याने आदराने खुर्च्या मांडल्या आणि चहा सांगितला.

दुसऱ्या दारातही तसंच. तिसरं गॅरेज उरलंच नव्हतं, तिथे मोबाइलचं दुकान होतं. तिथल्या पोरीला वाटलं आम्ही कसली तरी वर्गणी मागायला आलोय. तरी आप्पांनी तिलाही सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं आजोबा. चौथ्या ठिकाणी मालक होता, पण अंथरुणावर. त्याने हसनचाचांना ओळखलं नाही आणि आप्पांनाही नाही.

बाहेर आल्यावर हसनचाचा फुटपाथच्या कडेला थांबले. ऊन चढलं होतं. त्यांचा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता.

"राहू द्या, मिस्त्री," ते म्हणाले. "समदी मेली. ज्यांनी ऐकायला पायजे हुतं ती समदी मेली. चला माघारी."

मला वाटलं आप्पा सुटल्यासारखे परत फिरतील. चालून त्यांच्या पायाला गोळे आले होते, ते माझ्या हातावर पडणाऱ्या भारावरून मला कळत होतं. पण ते म्हणाले, "बोडके आहे अजून," आणि काठी टेकत पुढे निघाले. आता हसनचाचा मागे होते.

रंगनाथ बोडक्यांचं आता बॅटऱ्यांचं दुकान होतं. पूर्वी त्यांचं मोठं गॅरेज होतं. ऐंशीच्या पुढचे, जाड भिंगांचा चष्मा, कानाने जवळजवळ ठार बहिरे. दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून ते बसलेले असत, आत नातू काम बघायचा. आप्पांना बघून त्यांनी हात वर केला. दोघं एकाच वर्गात शिकलेले.

आप्पा जवळ जाऊन म्हणाले, "रंगा, हा हसन. ओळखलंस?"

बोडक्यांनी कानाला हात लावला. आप्पांनी पुन्हा सांगितलं. तरी ऐकू गेलं नाही. आप्पा मोठ्याने बोलणारे कधीच नव्हते. गॅरेजमध्ये चार इंजिनं एकदम चालू असली तरी ते जवळ येऊन हळूच सांगायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगू का, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही.

आप्पांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"गलगले डॉक्टरांची गाडी!" ते ओरडले. "चूक माझी होती! हसनची नव्हती!"

समोरच्या हॉटेलातली माणसं वळली. एक रिक्षा थांबली. आतून बोडक्यांचा नातू बाहेर आला.

"काय चूक?" बोडक्यांनी विचारलं, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात.

"चेंबर मी चुकीचं जोडलं! नट ढिला नव्हता! मी खोटं बोललो!"

बोडक्यांनी ते सगळं समजून घ्यायला वेळ घेतला. रस्त्यावर सात-आठ माणसं उभी राहिली होती. आप्पांचा आवाज चिरकला होता आणि टोपी मागे सरकली होती. मी ती नीट करायला हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला केला.

"कधी कळलं तुला?" बोडके म्हणाले.

"वर्षाने!"

"मग इतकी वर्षं गप्प का बसलास?"

मी तोच प्रश्न सोप्यात विचारला होता तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आता रस्त्यातली सगळी माणसं उत्तरासाठी थांबली होती. हसनचाचा खाली मान घालून उभे होते.

"भ्यालो होतो," आप्पा म्हणाले. ते बोडक्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा कानाला हात लावला. आप्पांनी श्वास घेतला, काठीवर दोन्ही हात ठेवले.

"भ्यालो होतो! गॅरेज बुडेल म्हणून भ्यालो!"

बोडक्यांनी मान हलवली. मग चष्मा पुसून त्यांनी पहिल्यांदाच हसनचाचांकडे नीट बघितलं.

"तू माझ्याकडे काम मागायला आला होतास," ते म्हणाले.

हसनचाचांनी होकारार्थी मान हलवली.

"दोनदा आला होतास. मी नाही म्हटलं होतं."

पुन्हा मान हलली.

बोडके नातवाचा हात धरून उठले. गळ्यातला पंचा काढून त्यांनी आपलं बसायचं स्टूल पुसलं, चारही बाजूंनी, जसं आलेल्या गिऱ्हाइकासाठी पुसतात तसं, आणि पुढे सरकवलं. हसनचाचा क्षणभर घुटमळले. मग बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ, रस्त्याकडे तोंड करून.

आप्पा त्यांच्या शेजारी उभेच राहिले.